नाताळात नापोली : तुमचे अनुभव इथे लिहा

सासर व्हेसुव्हियसपाशी

नोव्हेंबर लागला की मला तीन-चार निरोप ठरलेले. ‘डिसेंबरच्या सुट्टीत इटलीला येतोय, नापोलीत दोन दिवस आहेत, काय काय बघू?’ नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन मी दादरहून इथे आले, तेव्हापासून तेच उत्तर टंकतेय. यंदा म्हटलं, धागाच काढू. (नेपल्स म्हटलंत तरी चालेल. सासूबाईंसमोर मात्र म्हणू नका.)

सगळ्यात आधी वेळापत्रक. २३ डिसेंबरपर्यंत अख्खं शहर रस्त्यावर असतं. २४ ला दुपारनंतर ते घरात शिरतं, २५ ला दिसत नाही आणि २६ ला पोटावरून हात फिरवत बाहेर येतं. २४ च्या संध्याकाळी मेट्रो आणि डोंगर चढणाऱ्या फ्युनिक्युलर लवकर थांबतात, पिझ्झेरियांची शटरं खाली येतात. ३१ लाही साधारण तेच. पॉम्पेई (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर) २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. सांसेवेरो चॅपलमधला ‘झिरझिरीत वस्त्राखालचा ख्रिस्त’ बघायचा असेल (सानमार्तिनोने १७५३ मध्ये घडवलेला, वस्त्रासकट सगळा संगमरवर) तर तिकीट बरंच आधी काढा. मंगळवारी चॅपल बंद असतं. दरवाजावरून परत गेलेले पाहुणे मी मोजणं सोडून दिलंय.

आता सान ग्रेगोरिओ आर्मेनो, म्हणजे प्रेसेपेवाल्यांची गल्ली. प्रेसेपे हा येशूजन्माचा देखावा, पण इथल्या देखाव्यात येशू शोधावा लागतो. बुचाची साल रचून केलेला डोंगर, त्यावर शेवाळ, खाली खाटीक, चीजवाला, कपडे धुणारी बाई, दारूचं पिंप घेऊन बसलेला एक, पिझ्झा भाजणारा एक, आणि कुठेतरी मॅराडोना. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्याचा सख्खा भाऊ! आपण नाही का, वर महाराज बसवतो, खाली गवळण, वाणी, मावळे मांडतो आणि पायथ्याशी कुणाची तरी प्लास्टिकची एसटी उभी असते. आपण अळीव पेरतो, हे शेवाळ आणतात, एवढाच फरक. आमच्याकडे ८ डिसेंबरला सासरे खोकी काढतात. सगळ्यात वर झोपलेला मेंढपाळ, त्याचं नाव बेनिनो. खालचं सगळं त्याला पडलेलं स्वप्न, अशी समजूत. तो जागा झाला तर सगळंच नाहीसं होईल म्हणून सासरे त्याच्याजवळ हळू बोलतात. पंचाहत्तरीचा माणूस, पण या बाबतीत चेष्टा चालत नाही.

गल्लीत शनिवार-रविवारी जाऊ नका. डिसेंबरच्या गर्दीत पोलीस पायी चालणाऱ्यांनाही एकेरी वाहतूक लावतात. आडवारी सकाळी साडेनऊला जा, कारागीर देखाव्यातली मातीची चित्रं रंगवताना दिसतात. टेराकोटाचं हवं असेल तर हातात घेऊन वजन बघा. जुना, खरा थाटाचा प्रेसेपे बघायचा तर वर व्होमेरोच्या टेकडीवर सान मार्तिनो मठात जा. तिथला कुचिनिएल्लो यांनी दिलेला संग्रह १८७९ पासून मांडलेला आहे. बुधवारी सुट्टी. उतरताना पेदामेन्तिनाच्या ४१४ पायऱ्या घ्या, शहर आणि समुद्र समोर ठेवून उतरता येतं. चढू मात्र नका.

जे येऊन गेलात त्यांनी लिहा. फसलेले अनुभव आधी.

पेठेतला पाहुणा

मग माझाच घ्या. आईबाबांना घेऊन २४ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता उतरलो. ताईंचं वेळापत्रक तेव्हा कुठे माहीत! आधी विमानतळावर टॅक्सी. इथे ठरावीक ठिकाणांसाठी ठरावीक दर असतो, पण तो बसतानाच मागावा लागतो, मध्येच नाही. मी मध्येच मागितला. चालकाने मीटरकडे बोट दाखवलं आणि उरलेला रस्ता गाणं म्हटलं.

खोलीवर पोचलो तर मालकांनी किल्ली एका डबीत ठेवलेली आणि स्वतः जेवायला गेलेले. बाबांना मधुमेह, जेवण वेळेवर लागतं. आठ वाजता रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक खिडकीतून तळणाचा वास मात्र येतोय. आई म्हणाली, ‘‘लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर आल्यासारखं वाटतंय, सगळ्यांच्या घरी दिवे आणि आपणच बाहेर.’’ शेवटी स्टेशनपाशी एका बांगलादेशी माणसाचं दुकान उघडं दिसलं. ब्रेड, केळी, दही. त्याने हिंदीत विचारपूस केली आणि बाबांना बसायला खुर्ची दिली.

गंमत पुढे आहे. जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आमच्या हातातली केळी बघितली आणि नाटकात मारतात तसा कपाळावर हात मारला. दहा मिनिटांत दारात ताटली : तळलेला फ्लॉवर आणि मधात घोळवलेल्या छोट्या छोट्या तळलेल्या गोळ्या, वर रंगीत दाणे. आईचं निदान : ‘‘शंकरपाळ्याचंच पीठ, फक्त गोल केलंय.’’ त्यांना स्ट्रुफोली म्हणतात हे नंतर कळलं. तात्पर्य : २४ ला दुपारी दोनच्या आत खाणं घेऊन ठेवा. सगळ्यांच्या नशिबी शेजारीण असेलच असं नाही.

सासर व्हेसुव्हियसपाशी

तळणाचा वास म्हणजे मीठ मुरवलेला कॉड आणि फ्लॉवर. शिवाय त्या रात्री ईल लागतोच, कापितोने म्हणतात, आपली वाम म्हणा. २३-२४ ला पहाटे पोर्ता नोलानाच्या मासळीबाजारात निळ्या टपांमध्ये जिवंत वळवळत असतात. तुम्ही काही विकत घेऊ नका, पण बघायला जरूर जा. भाऊच्या धक्क्याची सवय असलेल्यांनाही मजा येईल. माझ्या पहिल्या नाताळात आमचा कापितोने ओट्यावरून निसटला आणि फ्रिजखाली गेला. नवरा स्टुलावर, सासूबाई झाडू घेऊन. मी कोकणातल्या आजोळी वाढलेली, राखेने पकडला. (राख नव्हती, मैदा वापरला.) त्या दिवसापासून घरात माझ्या शब्दाला वजन आहे.

दर्यावरचा पेडणेकर

नमस्कार ताई. मी पेडण्याचा. क्रूझवर किचनमध्ये आहे, पाच वर्षांत नापोली बंदर किती वेळा लागलं ते सांगता येणार नाही. पण आमच्या वाट्याला चार तास, तेही ड्युटी जुळली तर. म्हणून ज्यांना थोडाच वेळ आहे त्यांच्यासाठी लिहितो.

बंदरातून बाहेर पडलात की समोर किल्ला, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत उंबेर्तो गॅलरी. काचेचं छप्पर, खाली नाताळचं झाड. लोक त्या झाडाला चिठ्ठ्या बांधतात. परीक्षेत पास होऊदे, आजीचं ऑपरेशन नीट होऊदे, टीम जिंकूदे. मी पण एक बांधली, मराठीतून. काय लिहिलं ते सांगत नाही, पण त्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट वेळेवर संपून चतुर्थीला घरी पोचलो.

गोव्यात आमच्या वाड्यावर नाताळला ख्रिस्तांव शेजाऱ्यांच्या अंगणात गोठा करायला आम्ही सगळी पोरं असायचो. गवत आम्ही आणायचं, तारा त्यांनी लावायचा. त्यामुळे प्रेसेपेच्या गल्लीत गेल्यावर मला परकं वाटलं नाही. शेजारच्या मावशीसाठी एक छोटी बाई नेली, डोक्यावर पावाची टोपली असलेली. मावशी म्हणाली, ‘‘ही तर आमच्या पोदेराची बायको!’’

एक टीप : कॉफी उभ्याने प्या. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती काउंटरवर ठेवायची. सोबत पाण्याचा छोटा ग्लास देतात, तो कॉफीच्या आधी प्यायचा. मी नंतर प्यायलो तर बारवाला म्हणाला, ‘‘आवडली नाही का?’’

सासर व्हेसुव्हियसपाशी

तुमच्या चिठ्ठीचं नशीब थोर, भाऊ. ते झाड एकाहून जास्त वेळा चोरीला गेलंय. झाडच. लोक चिडतात, हसतात, नवं झाड येतं आणि पुन्हा चिठ्ठ्या लागतात.

हिरव्या देठाचा

मी इथे फेदेरिको दुसरा विद्यापीठात (स्थापना १२२४, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो) संशोधन करतो. घरचा पक्का शाकाहारी. तिसरा नाताळ.

शाकाहाऱ्यांनी पुढचं तोंडपाठ करा. २४ ला दुपारी इथे पारंपरिक पिझ्झा दि स्कारोला असतो, पालेभाजी भरलेला, बेदाणे, ऑलिव्ह घातलेला. बघून वाटतं आपल्यासाठीच केलाय. त्यात बहुतेक वेळा अँचोव्ही असते. ‘सेन्झा अलिची’ म्हणजे तो मासा नको. नाताळच्या फ्लॉवरच्या कोशिंबिरीतही तीच लपलेली असते. पापुद्र्यांच्या स्फोल्यातेल्लामध्ये आणि मिरीच्या ताराल्लीत डुकराची चरबी घालायची जुनी रीत आहे, विचारून घ्या. बिनधास्त खायचा तो मारिनारा पिझ्झा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस. चीजसुद्धा नाही. शिवाय फ्रियारिएल्ली नावाची कडसर पालेभाजी लसूण-मिरचीवर परततात. नुसती मागा, नाहीतर सॉसेजसकट येते. पोळी असती तर मी घरी गेलोच नसतो.

कढीपत्ता, नारळ, मसूरडाळ हवी तर प्यात्सा काव्होरच्या आसपास श्रीलंकन दुकानं आहेत. नापोलीत श्रीलंकन मंडळी भरपूर. सुट्ट्यांत इटालियन दुकानं बंद असताना मला त्यांनीच जगवलंय.

३१ डिसेंबरबद्दल : आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीला दहाने गुणा. बारा ते एक रस्त्यावर उतरायचं नाही. आतषबाजी बघायची तर गच्ची किंवा समुद्रकाठ, आणि तिथे पोचायचं अकराच्या आत. पहिल्या वर्षी मी शूरपणे स्पॅनिश क्वार्टरमधून बारा वाजता चालत निघालो. एका आजोबांनी कॉलर धरून मला त्यांच्या दारात ओढलं, दार लावलं आणि वाटीत मसूर दिले. नव्या वर्षात पैसा येतो म्हणे. वर डुकराचं सॉसेज होतं, ते बाजूला सारून खाल्ले. पैसा अजून आलेला नाही, सॉसेज सारल्यामुळे असेल.

स्पष्टच बोलतो

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू. आम्हाला नाही झेपलं. तीनही दिवस पाऊस. घर भाड्याने घेतलं ते इतकं गार की स्वेटर घालून झोपलो. पॉम्पेईला जाताना गच्च भरलेल्या लोकलमध्ये बायकोचा फोन गेला. रस्ते अस्वच्छ, स्कूटर अंगावर येतात. मुंबईकर असूनही हे म्हणतोय. पुन्हा आलो तर मे महिन्यात, डिसेंबरात नाही.

सासर व्हेसुव्हियसपाशी

काही म्हणजे काही खोटं नाही यात. नोव्हेंबर-डिसेंबर हे इथले सर्वांत पावसाळी महिने. दिवसा तेरा-चौदा अंश असतं, बर्फ वगैरे विसरा. पण जुन्या दगडी घरांत थंडी साठून राहते. भाड्याने घेताना हीटर आहे का हे लेखी विचारा. फोन पुढच्या खिशात, बॅग पोटाशी.

नाशिकची आजी

लेक-जावई नापोलीजवळ राहतात. गेल्या वर्षी दीड महिना होते. मला बघायच्या जागा विचारू नका, गुडघे साथ देत नाहीत. मी बाल्कनीतून नापोली बघितली.

समोरच्या चौथ्या मजल्यावरची म्हातारी रोज सकाळी दोरीला टोपली बांधून खाली सोडायची. खालून भाजीवाला लिंबं ठेवायचा, ती वर ओढायची. लेकीला म्हटलं, अगं, हे तर आमच्या वाड्यातलं! आम्ही गॅलरीतून पिशवी सोडायचो. आठ दिवसांत आमची हात हलवून ओळख झाली आणि नाताळनंतर तिने खेळायला बोलावलं.

खेळ कोणता, तर हौजी! म्हणजे आपला तंबोला. तो मूळचा इथलाच, तोम्बोला. १७३४ साली राजा आणि एका पाद्रीबुवांचं सोडतीच्या जुगारावरून भांडण झालं, नाताळच्या आठवड्यात सोडत बंद ठेवायचं ठरलं, मग लोकांनी घरात खेळ सुरू केला, अशी गोष्ट तिच्या नातवाने सांगितली. वेताच्या टोपलीतून आकडे काढतात, खूण करायला वाल नाहीतर संत्र्याच्या सालीचे तुकडे. आणि प्रत्येक आकड्याला नाव! २२ वेडा, २५ नाताळ, ४७ मेलेला माणूस, ४८ बोलणारा मेलेला माणूस, ९० भीती. काही नावं जावयाने मला सांगितली नाहीत, सगळे हसत होते एवढंच. आपल्या भिशीतही ‘टू फॅट लेडीज’ म्हणतोच की आपण. मी आकडे मराठीतून पुकारले. ‘सत्त्याहत्तर’ त्यांना काही केल्या म्हणता येईना.

रोकोको नावाची बदामाची कडक बिस्किटं देतील. कवळी असेल तर चहात बुडवल्याशिवाय तोंडात घालू नका. मी घातली होती.

पेठेतला पाहुणा

आजी, साष्टांग! ताई, आईबाबा पुन्हा यायचं म्हणताहेत. २४ टाळून कधी येऊ?

सासर व्हेसुव्हियसपाशी

दोन पर्याय. एक, १६ डिसेंबरच्या आसपास. त्या दिवशी कॅथेड्रलमध्ये सान जेन्नारोचं (शहराचा रक्षणकर्ता संत) कुपीतलं रक्त पातळ होतं का, ते बघायला लोक जमतात. १६३१ मध्ये त्याच तारखेला व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला होता, त्याची आठवण. २०२० मध्ये रक्त पातळ झालं नाही, तेव्हा सासूबाई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. प्रेसेपेची गल्लीही तेव्हा शनिवार-रविवार सोडून बरी असते.

दुसरा, ३ ते ७ जानेवारी. ५ च्या रात्री प्यात्सा मेर्कातोजवळ खेळण्यांचे स्टॉल उशिरापर्यंत चालतात, कारण ६ ला पहाटे बेफाना म्हातारी झाडूवरून येऊन मुलांच्या मोज्यांत खाऊ टाकते. वांड मुलांना कोळसा, पण तो साखरेचा. बाबांना तो देऊ नका.

आणि त्या खालच्या मजल्यावरच्या बाईंसाठी पुण्याहून काहीतरी न्या. चिवडा चालेल, इथे सगळ्यांना आवडतो. फक्त मिरची कमी. भाकरवडी माझ्यासाठी.