'जाऊ दे', 'जायला सांग', 'जायला लाव': इंग्रजीतला 'टू' कुठे ठेवायचा?

तापीकाठ:
मंडळी, एक शंका आहे. मी रावेर तालुक्यात केळीच्या एका पॅकिंग हाऊसमध्ये पत्रव्यवहार बघतो. माल आखाती देशांत जातो, त्यामुळे दिवसभर मोडकंतोडकं इंग्रजी लिहावं लागतं. परवा पावसाने कंटेनर भरायला उशीर झाला. खरेदीदाराला मेसेज लिहिला, 'द रेन मेड अस टु वेट. वी टोल्ड देम टु लोड फास्ट.' पुतणी बारावीला आहे. ती मोबाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, "काका, पहिला टू काढा, दुसरा राहू द्या." का, तर मेकनंतर टू नसतो, सरांनी सांगितलंय!

पण माझ्या डोक्यात मराठी एकाच साच्यातलं होतं: 'आम्हाला थांबायला लावलं', 'त्यांना भरायला सांगितलं'. मग एकाला टू आणि एकाला नाही, असं का? याद्या पाठ करायचं वय गेलं आता. एखादी खूण असेल तर सांगा.

कळण्याची भाकर:
भाऊ, साचा एकच आहे असं वाटतं खरं, पण आपल्याकडे निदान तीन आहेत. त्याला जाऊ दे. त्याला जायला सांग. त्याला जाताना पाहिलं. आता हेच इंग्रजीत बघा: लेट हिम गो, टेल हिम टु गो, सॉ हिम गोइंग. 'जाऊ'ला 'ला' नाही, तिकडे टू नाही. 'जायला'ला 'ला' आहे, तिकडे टू आहे. आस्क, ऑर्डर, अलाउ, फोर्स ही सगळी मंडळी 'सांग'च्याच रांगेत.

आणि हे जुळणं अगदीच योगायोगाचं नाही. 'भुसावळला गेलो' आणि 'जेवायला बसलो' यांतला 'ला' आपल्याला एकच वाटतो. दोन्हीकडे रोख कुठेतरी आहे. इंग्रजीतला क्रियापदाआधीचा टूसुद्धा मुळात दिशा दाखवणाराच, 'टु भुसावळ'मधला. आमच्या घरी अहिराणी. आजी 'बजारले' म्हणायची तसंच 'जावाले' म्हणायची. 'त्याले जाऊ दे' म्हणताना मात्र 'जाऊ'ला कधी 'ले' लागला नाही. वर्गात पोरांना मी हेच सांगते, आणि अहिराणी बोलणारी पोरं आधी हसतात, मग त्यांच्याच लक्षात राहतं.

घोटाळा होतो तो 'लावणे'पाशी. आपण 'रडायला लावलं' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'मेड मी टु क्राय' लिहितो. त्यावर माझा उपाय: मेक दिसलं की 'लावलं' मनातही आणायचं नाही, सरळ प्रयोजक क्रियापद वापरायचं. तिने मला रडवलं. त्याने आम्हाला हसवलं. पावसाने ताटकळवलं. एकाच शब्दात काम झालं, 'ला' घुसवायला फटच नाही. शी मेड मी क्राय. द रेन मेड अस वेट.

जुना मास्तर:
ताई, खूण छान आहे, पण तिला नियम म्हणू नका. 'जाऊ लागला'मधल्या 'जाऊ'लाही 'ला' नाही, पण तिकडे 'बिगॅन टु गो'. आणि मेकनंतर टू चालतच नाही असंही कायम नव्हतं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात मेकनंतर टू सापडतो. भाषेने तो पुढे गाळला.

गंमत म्हणजे कर्मणी प्रयोगात तो अजूनही परत येतो: 'वी वेअर मेड टु वेट'. इथे टू काढला तर चूक. कर्मणीत आपणही 'ताटकळवले गेलो' कुठे म्हणतो? 'थांबायला लावण्यात आलं' म्हणतो आणि 'ला' परत आलाच. (सरकारी पत्रात तर हमखास.) लेटचं मात्र असं कर्मणी सहसा होत नाही. 'आय वॉज लेट टु गो' लिहू नका, तिथे 'वॉज अलाउड टु गो'.

कळण्याची भाकर:
सर, 'जाऊ लागला' मान्य. खूण म्हणूनच वापरते, देव्हाऱ्यात नाही ठेवत.

वखारवाला:
मेकवर इतकं बोलताय, तर गेट आणि हॅव का सोडता? धंद्यात तेच जास्त लागतात. रात्री अकराला ड्रायव्हर म्हणाला, आता निघत नाही. मालकाने दम देऊन काढला तर 'मेड हिम लीव्ह'. चहा पाजून, गोडीगुलाबीने राजी केलं तर 'गॉट हिम टु लीव्ह', इथे टू हवाच. आणि त्याचं कामच ते, सांगितलं नि निघाला, तर 'हॅड हिम लीव्ह', टू नाही. आपण तिन्हीला 'पाठवला' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी मात्र चहा पाजला की नाही तेही विचारतं!

फलाटावरचा:
भुसावळ जंक्शनवर उभा राहून हे वाचतोय, तर 'पाहिलं'चं बोलू. 'आय सॉ द ट्रेन लीव्ह' म्हणजे हलल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंत पाहिली. 'सॉ द ट्रेन लीव्हिंग' म्हणजे सुटताना दिसली, पुढचं माहीत नाही, कदाचित पुलावरून धावतच होतो. आपला 'ताना' दुसऱ्याला नेमका बसतो. पहिल्यासाठी मराठीत 'सुटलेली पाहिली'कडे वळावं लागतं. 'सॉ हिम टु गो' मात्र कुठेच नाही. हेल्प दोन्ही घरचा पाहुणा, 'हेल्प्ड मी फिल' आणि 'हेल्प्ड मी टु फिल' दोन्ही चालतात. त्यात वेळ घालवू नका.

जुना मास्तर:
दोन चुका राहिल्या, त्या मी चाळीस वर्षं वह्यांत तपासल्या. 'तुम्ही यावं असं मला वाटतं' यावरून पोरं 'आय वाँट दॅट यू शुड कम' लिहितात. मराठीत 'तुम्ही' कर्ताच राहतो. इंग्रजीत वाँट त्याला ओढून आपलं कर्म करून घेतो: 'आय वाँट यू टु कम'. म्हणून तिथे 'ही' चालत नाही, 'हिम' लागतो, जरी येणारा तोच असला तरी. एक शब्द, दोन क्रियापदांच्या तावडीत. सजेस्टचं नेमकं उलट. 'त्याने मला विकायला सुचवलं' असं आपण सहज बोलतो, पण 'सजेस्टेड मी टु सेल' नाही. 'सजेस्टेड दॅट आय सेल', नाहीतर नुसतं 'सजेस्टेड सेलिंग'. इथे 'ला'ची खूण चक्क फसवते, ताई.

कळण्याची भाकर:
फसवते, खरं आहे. सुचवणेसाठी मी फळ्यावर वेगळा चौकोन काढते आणि त्यात एकटं सजेस्ट लिहिते. बिचारं वर्षभर तिथेच.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. पुतणीला 'ताटकळवलं' वाचून दाखवलं, ती म्हणाली हे आमच्या सरांना पाठवा. मेसेज दुरुस्त करून पाठवला: 'द रेन मेड अस वेट.' मालकाने वाचला आणि विचारलं, "पावसाचं कशाला लिहिलं भो, तो भाव पाडेल ना!" पलीकडून उत्तर आलं ते एवढंच: 'व्हेन रीच?'