कॅनडातल्या ऑन्टारिओत पाणकावळ्यांच्या शिकारीला परवानगी असावी का?

तळ्याकाठी: इकडे २०२० पासून पाणकावळे मारायला परवानगी आहे, १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, एकेकाला दिवसाला १५. पक्षी इथलाच, बाहेरून आलेला नाही. पण घरटी असलेल्या बेटांवरची झाडं बघा, विष्ठेने पांढरीफटक, वाळून गेलेली, वास असा की बोट जवळ न्यायला नको वाटतं. पक्षी मारणं पटत नाही आणि झाडं मरताना बघवत नाही. काय करावं?

गळवाला: परवानगी हवीच, पूर्वी एवढे पाणकावळे नव्हते. एक पक्षी दिवसाला साधारण अर्धा किलो मासे फस्त करतो, मोठा थवा उतरला की छोट्या खाडीत उरणार काय? आणि २०१८ चा प्रस्ताव तर दिवसाला ५० चा होता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून १५ वर आला, अजून किती कमी करायचं?

निळी_वही: खातात मान्य, पण ग्रेट लेक्स ह्या इथल्या मोठ्या सरोवरांमध्ये त्यांच्या खाण्यात राउंड गोबी नावाचा मासा भरपूर असतो, जो स्वतःच जहाजांच्या पाण्यातून इथे आलाय. आणि १९७० च्या आसपास डीडीटी ह्या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन हा पक्षी इथून जवळपास संपलाच होता, त्यामुळे "पूर्वी एवढे नव्हते" म्हणताना पूर्वी म्हणजे कधी ते सांगा. झाडांचंच दुखणं असेल तर शिकार सप्टेंबरात कशाला, तोवर घरटी रिकामी झालेली असतात, पाण्यावर मारलेला पक्षी कुठल्या बेटावरचा कोणाला ठाऊक! लेक ईरीतल्या मिडल आयलंडवर पार्क्स कॅनडाने (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारा सरकारी विभाग) २००८ पासून घरट्यांच्या हंगामात, त्या बेटापुरतेच पक्षी मारले. वाईट वाटतं, पण तिथे दुर्मिळ झाडं आहेत, ते मी समजू शकते. नाहीतर अंड्यांना तेल लावा, कवचातून हवा जात नाही, पिल्लू होत नाही आणि जोडी उबवत बसते म्हणून नवीन अंडी पण घालत नाही.

पाऊलखुणा: लून ह्या दुसऱ्या पाणपक्ष्याचं काय, चुकून तोही मारला जाईल ना? दोघंही पाण्यात खोल बसतात. पाणकावळ्याची चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली, लूनची सरळ सुरीसारखी, पण पहाटेच्या धुक्यात एवढं कोण बघतंय, माझा तर ह्याच कारणासाठी विरोध आहे.

तळ्याकाठी: @निळी_वही पटलं, पण उंच झाडावरच्या घरट्यात तेल लावणार कसं?

निळी_वही: तिथे नाहीच जमत. टोरंटोच्या टॉमी थॉम्पसन पार्कात त्यांना झाडांऐवजी जमिनीवर घरटी करायला लावायचे प्रयत्न करतात, तसं झालं तर अंडी हाताशी येतात आणि झाडंही वाचतात.