पावसाळ्यातल्या गोव्यासाठी व्हिसाचे शुल्क 10 डॉलर का नसावे?

धागाकर्ता, मांद्रे

केंद्र सरकारने 2019 साली परदेशी पाहुण्यांना ऑनलाइन मिळणाऱ्या ई-पर्यटक व्हिसाचे दर उतरवले. बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी 30 दिवसांचा व्हिसा एप्रिल ते जूनमध्ये 10 डॉलरला, तर जुलै ते मार्चमध्ये 25 डॉलरला ठेवला गेला. वर्षभराच्या व्हिसाला 40 आणि पाच वर्षांच्या व्हिसाला 80 डॉलर असे दर ठरले. दर उतरले याचा आनंदच आहे. माझा आक्षेप सवलतीच्या महिन्यांना आहे.

एप्रिल ते जून हा मंदीचा काळ उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हाळ्याकडे पाहून ठरवलेला दिसतो. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, आणि त्या दिवसांत देशी पाहुण्यांनी खोल्या भरलेल्या असतात. मे अखेरीस शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळ) उतरवले जातात, जूनमध्ये पाऊस धरतो आणि पुढचे तीन महिने पेडण्यापासून काणकोणापर्यंत किनाऱ्यावरच्या खोल्यांना कुलपे लागतात. गोवा खऱ्या अर्थाने रिकामा होतो, नेमकी त्याच वेळी, 1 जुलैला, सवलत संपते आणि ऐन डिसेंबरचा दर लागू होतो. माशेलचा चिखलात खेळण्याचा उत्सव चिखलकालो, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला होणारा बोंदेरां उत्सव, भरून वाहणारा दूधसागर धबधबा, हे सगळे परदेशी माणसाने पाहावे असे आपण म्हणतो, पण त्याला तेव्हाच अडीचपट शुल्क लावतो. जुलै ते सप्टेंबर हे महिने 10 डॉलरच्या गटात आणावेत, निदान गोव्यातल्या दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी तरी, असे माझे मत आहे. व्हिएतनामने ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांचा ई-व्हिसा 25 डॉलरला द्यायला सुरुवात केली आणि थायलंडने जुलै 2024 मध्ये 93 देशांच्या नागरिकांना 60 दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली. आपली स्पर्धा त्यांच्याशी आहे.

मडगाव

मी पूर्णपणे असहमत आहे. विमानाच्या तिकिटावर हजारो रुपये खर्च करणारा माणूस 15 डॉलरसाठी बेत बदलत नाही. याचा पुरावाही आहे. करोनानंतर सरकारने पहिल्या 5 लाख पर्यटकांना 31 मार्च 2022 पर्यंत व्हिसा फुकट देऊ केला होता, तरी त्या हंगामात किनारे परदेशी माणसांनी भरले नाहीत.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या सासष्टीत घरटी एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, आहे. जहाजावर चढण्यासाठी त्याला अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो, त्याचे 185 डॉलर भरावे लागतात, मुलाखतीसाठी मुंबई गाठावी लागते आणि व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळत नाहीत. जो देश आपल्या मुलांना असे वागवतो, त्याच्या नागरिकांना आपण 10 डॉलरमध्ये का बोलवावे? व्हिसाचे दर दोन देशांमधल्या परस्पर वागणुकीवर ठरायला हवेत, खोल्यांच्या कुलपांवर नव्हे.

हरमल

मी गेली काही वर्षे घराच्या तीन खोल्या परदेशी पाहुण्यांना देते. धागाकर्त्यांची कळकळ मला समजते, पण शुल्क हे दुखणे शेवटचे आहे. आधीची दुखणी नियमांची आहेत. 30 दिवसांच्या व्हिसाचा अर्ज भारतात येण्याच्या 30 दिवस आधीपर्यंत करताच येत नाही, म्हणजे तिकीट सहा महिन्यांपूर्वी काढायचे आणि व्हिसा मिळेल की नाही या धाकात पाच महिने काढायचे. तो पुढे वाढवूनही मिळत नाही. एका वृद्ध पाहुणीने अर्जात नाव आणि आडनाव यांची अदलाबदल केली होती. तिला नव्याने अर्ज करून पुन्हा शुल्क भरावे लागले, कारण पहिले परत मिळत नाही. ती आली, पण आठवडाभर उशिरा, आणि तिकिटाचा फरकही तिनेच सोसला. पुढच्या वर्षी ती श्रीलंकेला गेली.

पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म ऑनलाइन भरण्याचे काम आमचे. सुरक्षेसाठी तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावसात वीज आणि नेट एकदम जाते तेव्हा हे 24 तास फार लवकर संपतात. जुलैत पाहुणे हवे असतील तर आधी या मुदतीचा विचार व्हावा.

धागाकर्ता, मांद्रे

मडगावच्या मित्रांनी दिलेला पुरावा टिकत नाही. फुकट व्हिसाची मुदत 31 मार्च 2022 ला संपली आणि नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने 27 मार्चला सुरू झाली. ज्या सवलतीला मोकळ्या विमानवाहतुकीचे पाच दिवसही धड मिळाले नाहीत, तिच्यावरून शुल्काचा परिणाम मोजता येणार नाही.

तारवट्यांचे दुःख मात्र खरे आहे, माझा सख्खा भाऊही त्यातून गेला आहे. पण अमेरिकेने त्याच्याकडून घेतलेल्या पैशांची भरपाई हरमलला राहायला येणाऱ्या पोलिश किंवा कझाक जोडप्याकडून होणार नाही. फक्त गोव्यात उतरणाऱ्यांना सवलत द्यावी ही माझी सूचना मी मागे घेतो, कारण व्हिसा देशभर चालतो आणि लोक दाबोळीला उतरून थेट दिल्ली गाठतील. सवलत सगळ्या देशालाच द्यावी. पावसाळ्यात आयुर्वेदाच्या उपचारांसाठी पाहुणे बोलावणाऱ्या केरळलाही तिचा लाभ होईल.

मडगाव

विमानांच्या तारखांचा मुद्दा मला मान्य आहे. पण देशभर सवलत म्हटली की लडाख आलेच, आणि जुलै ते सप्टेंबर हा तर त्यांचा भर हंगाम आहे. तिथे जे पाहुणे 25 डॉलर भरून येतातच, त्यांना 15 डॉलर सोडण्यात सरकारचा तोटा आहे. त्यापेक्षा दर आहे तोच ठेवून पावसाळ्यात 30 दिवसांऐवजी 60 दिवस राहू द्यावे आणि हरमलच्या ताईंनी सांगितलेली अर्जाची अट सैल करावी. दोन महिने राहणारा माणूस गावातल्या पदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेतो, पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून बाजारात जातो, घरमालकाला आगाऊ भाडे देतो. अशी मागणी घेऊन तुम्ही पणजीला किंवा दिल्लीला जाणार असाल, तर माझी सही पहिली असेल. 10 डॉलरच्या मागणीवर मी सही करणार नाही.