प्रतिसाद: फोर्टचं आवार रिकामं करू नका

वर कुणीतरी सुचवलंय की मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातलं सगळं विद्यापीठाच्या कलिना आवारात न्या, जुन्या इमारतींचं संग्रहालय करा आणि उरलेल्या जागेत उंच इमारत उभारा. उंच इमारतीचं विसराच! २०१८ पासून तो भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पण मला संग्रहालयही पटत नाही. १८७४ सालच्या दीक्षान्त सभागृहातली राशीचिन्हांची ती मोठी गोल रंगीत काच पाहिलीय ना? सभागृह वापरात आहे म्हणून तिच्याकडे कुणाचं तरी लक्ष जातं. बंद इमारतीत आधी पन्हाळी तुंबतात, पाणी दगडात मुरतं, मग घाईघाईत सिमेंट थापलं जातं. याच आवारातल्या राजाबाई टॉवरच्या कुर्ला दगडाला चुन्याचेच सांधे हवेत. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. (कंत्राटदाराला हे पटवणं म्हणजे वेगळीच परीक्षा.)

हलवायचेच तर फाइलींचे गठ्ठे आणि खिडकीवरची कामं हलवा. आपल्या ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचं उपकेंद्र आहेच की. घोडबंदरच्या पोराने साध्या दाखल्यासाठी लोकलने फोर्ट कशाला गाठायचं? ग्रंथालय मात्र तिथेच राहू दे.