मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कथकमध्ये परत कसं उभं राहायचं?

नमस्कार मंडळी,

मी 29 वर्षांची, साताऱ्याची. आठव्या वर्षापासून कथक शिकते आहे. गांधर्व मंडळाची विशारद ही परीक्षा झाली, त्यापुढची अलंकार प्रथमही दिली. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाच्या तालमीत डावा गुडघा गेला. तीनतालात 27 चक्करांचा तुकडा होता. विसाव्या-एकविसाव्या चक्करला टाच जमिनीवर अडकली, अंग फिरलं आणि गुडघा तिथंच राहिला. आत बारीकसा आवाज झाला. पेटीवरच्या दादांना कळलंच नाही, लेहऱ्याची धून तशीच चालू राहिली आणि मी खाली बसले.

एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याला आता अकरा महिने होतील. फिजिओ ताई म्हणतात, तत्कार, म्हणजे जागेवरचं पायांचं काम, चालेल, टाचेवरचं चक्कर इतक्यात नको. कथकात आपण फिरतो तेच मुळी डाव्या टाचेवर! सध्या सकाळी वीस मिनिटं घुंगरू न बांधता विलंबित तत्कार करते. एकदा राहवलं नाही म्हणून शंभर-शंभर घुंगरं बांधून उभी राहिले, तर रात्री गुडघा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी आईनं न बोलता घुंगरांची पिशवी माळ्यावर ठेवून दिली.

ज्या ग्रुपबरोबर मी कार्यक्रम करायचे, तिथं माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहते. "तू आता शिकवण्याकडे बघ," एवढंच मला सांगण्यात आलं. माझ्या क्लासला चौदा मुली होत्या, सहा उरल्या. त्यातल्याही काहींना दहावीच्या वाढीव गुणांपुरतंच यायचं आहे, हे मला माहीत आहे. काका दर रविवारी विचारतात, "नाचून पोट भरणार आहे का?" आणि खरं सांगते, हल्ली मला उत्तर देता येत नाही.

सगळे नर्तिका सुधा चंद्रन यांचं उदाहरण देतात. 1981 च्या अपघातानंतर पाय गमावला, जयपूर फूट हा कृत्रिम पाय बसवून 1984 मध्ये त्या पुन्हा मंचावर आल्या. मला त्यांच्याबद्दल अतोनात आदर आहे. पण मला कळून घ्यायचं आहे ते मधल्या तीन वर्षांबद्दल. टाळ्या नसतात, कार्यक्रम नसतो, तेव्हा सकाळी उठून माणूस नेमकं काय करतं?

तुमच्यापैकी कुणी नाचणारं अशा दुखापतीतून गेलं आहे का? चक्कर पुन्हा कधी आणि कशी सुरू केलीत? अलंकार पूर्णला यंदा बसू की थांबू? आणि संस्कृती मंत्रालयाची 25 ते 40 वयोगटाची ज्युनिअर फेलोशिप असते, तिच्यासाठी विषय कसा मांडायचा, हे कुणी सांगेल का? 18 ते 25 ची शिष्यवृत्ती माझ्या हातून केव्हाच गेली.

प्रतिसाद

ताई, माझाही गुडघा गेला होता, भरतनाट्यम करताना. यंदा परीक्षेला बसू नका. परीक्षा पुढच्या वर्षीही असेल. चक्करचं फक्त फिजिओंना विचारून ठरवा, आम्हा कुणाचं ऐकू नका. आणि तुमच्या हॉलची जमीन कशी आहे? काँक्रीटवरची फरशी असेल तर आधी ती बदला.

तुमच्या मधल्या काळाबद्दल सांगते. मी रोज हातावर ताल धरून जती, म्हणजे नाचाचे बोल, म्हणत बसायचे. तुमच्याकडे तर पढंत, म्हणजे बोल तालात म्हणणं, ही वेगळी कलाच आहे. कथकचे गुरू शंभू महाराज बसून अभिनय करायचे आणि लोक पाहत राहायचे. एक ठुमरी घ्या आणि सहा महिने तिच्याबरोबरच राहा. फेलोशिपसाठी संशोधनाचा विषय लागतो. बैठकीचा अभिनय हाच विषय का नको?

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप खूप आभार, ताई. जमीन फरशीचीच आहे. घरमालकांशी लाकडी फळ्यांबद्दल बोलते.

पढंतीचं वाचून आज क्लासमध्ये मुलींना उभं केलं नाही. सगळ्या गोल करून बसलो आणि एकच परण, म्हणजे पखवाजाच्या बोलांची रचना, हातावर ताल धरून म्हणत राहिलो. सर्वांत लहान मुलगी, सात वर्षांची, दर वेळी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, एक मात्रा आधीच टाळी द्यायची. शेवटच्या वेळी बरोबर समेवर आली आणि माझ्याकडे बघून हसली. ठुमरी कुठली घेऊ, तेवढं सुचवाल का?