मदत हवी आहे: ॲल्युमिनिअमची विशिष्ट उष्माधारकता कमी येते

मिश्रण पद्धतीने (गरम ठोकळा थंड पाण्यात टाकून) ही उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ०.९० ऐवजी ०.७९ ज्यूल/ग्रॅम°से येते आहे. १०० ग्रॅमचा ठोकळा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवला (९८°), मग तांब्याच्या १०० ग्रॅम कॅलरीमापीत (उष्णता मोजण्याच्या भांड्यात), १५० ग्रॅम पाण्यात टाकला. पाणी २७° वरून ३४.५° झाले. कॅलरीमापीची उष्णता (तांब्याची उष्माधारकता ०.३९ धरून) हिशेबात आहे. बाहेरून कापूस, वर झाकण, सतत ढवळणे, सगळे केले. ठोकळा पुसून टाकायला पाच-सहा सेकंद लागतात. न पुसता टाकला तर सोबतचे गरम पाणी उत्तर उगाच वाढवते, म्हणून तो मार्ग नको.

तापमापीचे लघुतम माप (वाचता येणारा सर्वात लहान भाग) ०.५° आहे, म्हणजे साडेसात अंशांच्या वाढीत तिथेच मोठी चूक शक्य. दुसरी तापमापी किंवा विजेचा हीटर मिळणार नाही. पाणी १०० ग्रॅम करून वाढ मोठी करावी, की सुरुवातीचे पाणी खोलीपेक्षा चार अंश थंड घ्यावे? आणि पुसतानाची घट वेगळी कशी मोजायची?