बोट सहल: शनिवारी रात्री बोटी कुठे बांधायच्या?

वैशाली (सहल समिती)

सर्वांना नमस्कार,

जेवणाची यादी आणि लाइफ जॅकेटची मापं काल पाठवली आहेत. आता अडलंय ते एकाच गोष्टीवर. इंग्लंडातल्या श्रॉपशर युनियन कालव्यावर शुक्रवारी व्हीटन ॲस्टनचं लॉक (बोट वर-खाली नेणारी दारांची टाकी) उतरून पलीकडे मुक्काम, यावर कुणाचं दुमत नाही. शनिवारसाठी आराखड्यात मार्केट ड्रेटन लिहिलं होतं, कारण नितीन आणि मंडळी काम उरकून गाडीनं थेट तिथेच येणार. पण काल श्रीकांतकाकांचा फोन आला की एका दिवसात तिथपर्यंत जाणं होत नाही. ऑगस्टचा बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी), जागा लवकर भरणार. दोन्ही बोटी 60 फुटी. माईंच्या गुडघ्याचं सगळ्यांना माहीत आहेच. उद्या संध्याकाळपर्यंत मतं कळवा, म्हणजे नितीनला एक पक्का ठिकाणा देता येईल.

वैशाली

---

श्रीकांतकाका

वैशाली, फोनवर बोललो तेच सगळ्यांसाठी लिहितो.

व्हीटन ॲस्टनच्या लॉकपासून टर्लीच्या वरच्या लॉकपर्यंत 17 मैल मध्ये एकही लॉक नाही, म्हणून नकाशावर हा टप्पा सोपा वाटतो. पण कालव्यावरची वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे आणि तेवढ्यानंही कुणी जात नाही. काठाला बांधलेल्या बोटी आल्या की इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर आपल्या पाण्याच्या ओढीनं त्यांचे खुंटे उपटतात. सुट्टीत अशा बोटींच्या रांगाच्या रांगा असतात. पुढे वुडसीव्हजला खडकातून खोदलेला लांबलचक चर आहे, तिथे मर्यादा ताशी 2 मैल. म्हणजे नुसतं चालवायचं म्हटलं तरी सात तास. त्यात नॉर्बरीला टाकी भरायची, जेवायचं, मुलांची चढउतार. आणि मग टर्लीची 5 लॉक. ही अरुंद लॉक आहेत, एका वेळी एकच बोट मावते, तेव्हा दुसरी बोट प्रत्येक ठिकाणी मागे राहणार. अंधार पडेल. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायच्या नाहीत ही अट करारातच असते.

टर्लीच्या उतारावर मध्येच कंटाळा आला तर थांबायला जागा नाही. प्रत्येक लॉकच्या खाली बायवॉशचं (लॉकला वळसा घालून येणाऱ्या पाटाचं) पाणी बाजूनं जोरात घुसतं आणि बोटीचं नाक थेट पलीकडच्या काठावर ढकलतं. खालच्या लॉकपुढे कालवा खडकात कोरलेला आहे, तो अरुंदच. दिवसभर टिलर (सुकाणूचा दांडा) धरून दमलेल्या माणसाच्या हाती संध्याकाळी हे द्यायचं नाही.

माझं मत: चर लागायच्या आधी, गोल्डस्टोनला बांधा. चार वाजेपर्यंत. रस्ता पुलावरूनच जातो, नितीनला शोधावं लागणार नाही. चर आणि लॉक रविवारी सकाळी, ताज्या अंगानं.

श्रीकांत

---

मंजिरी

काका, चार वाजता थांबायचं म्हणजे फार लवकर होतं हो. उजेड आठपर्यंत असतो. सहल वर्षातून एकदा आणि प्रत्येक मुक्काम पुलाजवळ, रस्त्याजवळ!

मी आणि मुलांनी वेगळी जागा बघून ठेवली आहे: नॉर्बरीच्या पुढचा ग्रब स्ट्रीटचा चर. दोन्ही बाजूंना उंच झाडी, आणि तो दुहेरी कमानीचा पूल, ज्याच्या दोन कमानींच्या मध्ये जुना तारेचा खांब उभा आहे. 1879 मध्ये एका माणसाच्या घोड्यावर माकडासारखं काळं काहीतरी उडी मारून बसलं ही आख्यायिका तिथलीच. मोठ्या मुलांना ती गोष्ट तिथेच ऐकायची आहे. गाड्यांचा आवाज नाही, दिवे नाहीत. कालव्यावर जायचं ते यासाठीच ना?

---

नीलाताई

मंजिरी, गोष्ट खुशाल सांगा, पण धाकटी झोपल्यावर. ईशानच्या बारशाच्या वेळी असल्याच एका गोष्टीनं काय गोंधळ झाला होता तो मला चांगला आठवतो.

मला आक्षेप वेगळा आहे. आपल्यात इन्शुलिन घेणारे दोघं आहेत आणि आप्पांची बायपास झालेली आहे. मी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या. ॲम्ब्युलन्सला आपण कुठे आहोत हे सांगता न येणं यासारखी वाईट गोष्ट नाही. खोल चरात फोनला रेंज मिळत नाही, आणि मिळाली तरी स्ट्रेचर त्या उतारावरून वर कसं नेणार? रस्त्याला लागायला चढण किती आहे ते आधी बघा, मग झाडी बघा.

आणि एक सवय लावून घ्या. कालव्याच्या प्रत्येक पुलावर नंबराची पाटी असते. बोट बांधली की मागच्या आणि पुढच्या पुलाचा नंबर, कालव्याचं नाव आणि जवळच्या रस्त्याचा पोस्टकोड एका कागदावर लिहून स्वयंपाकाच्या ओट्यावर चिकटवायचा. दोन्ही बोटींत. हे काम मी करीन.

---

अभिजित

सगळे गाव आणि झाडी यावर बोलताय, पण या कालव्यावर रात्रीची झोप ठरते ती पाण्याखालच्या कट्ट्यावर. श्रॉपशर युनियनच्या काठाला बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली कट्टा बाहेर आलेला आहे. वरून काहीच दिसत नाही. तुम्ही बोट आत घेता, तळ कट्ट्यावर टेकतो आणि काठ हातभर लांबच राहतो. माईंना ते अंतर ओलांडता येणार नाही. आणि रात्री एखादी उशिराची बोट गेली की पाणी आधी खाली ओढलं जातं, मग परत येतं, आणि तळ कट्ट्यावर आपटतो. मागच्या वेळी आम्ही अशाच ठिकाणी होतो. ओट्यावरची पातेली घसरत होती आणि आवाज असा, की कुणीतरी लोखंडी दार लाथा घालून उघडतंय. सकाळी सगळ्यांचे डोळे लाल.

यावर उपाय दोन. पहिला, जिथे मुद्दाम मूरिंग (बोटी लावायचा काठ) बांधून रिंगा बसवल्या आहेत तिथेच थांबायचं. दुसरा, व्हीलबॅरोची (एकचाकी हातगाडीची) हवा भरलेली चाकं बोट आणि काठ यांच्यामध्ये सोडायची. बोट कट्ट्यापासून लांब राहते आणि आपटत नाही. नेहमीचे फेंडर (बोटीच्या कडेला टांगायच्या उशा) इथे पुरत नाहीत, ते कट्ट्याच्या वर लोंबत राहतात. पण चाकांनी काठ आणखी लांब जातो हे लक्षात ठेवा, म्हणजे फळी लागणार.

दुसरं: 60 फुटी दोन बोटी एकामागे एक लावायला सलग रिकामा काठ मिळणं अवघड. शेजारी-शेजारी बांधल्या तर निम्म्या जागेत काम होतं.

---

श्रीकांतकाका

अभिजित, कट्ट्याचं अगदी बरोबर. म्हणूनच परतीच्या आधीचा एक मुक्काम कूल पिलेटला धरला आहे. तिथे काठ नीट बांधलेला, रिंगा आहेत, टेबलं आहेत, थालीपीठं बाहेर बसून खाता येतील.

शेजारी-शेजारी मात्र नको. आपटी खाण्याचा धोका बाहेरच्या बोटीवरून आतल्या बोटीवर येताना असतो, तोही रात्री. शिवाय एका बोटीचा स्टोव्ह किंवा इंजिन चालू असलं की धूर दुसऱ्या बोटीच्या खिडकीतून आत जातो. तसंही रात्री आठ ते सकाळी आठ बांधलेल्या बोटीचं इंजिन लावायचं नाही, मग फोन चार्ज करायचे असोत की काही असो. एकामागे एक जागा नाही मिळाली तर मध्ये दुसऱ्याची बोट असली तरी चालेल.

दोर मी बघतो, दर वेळी मीच बघतो. पुढचा पुढे आणि मागचा मागे, तिरके. सरळ काठाकडे ओढलेला दोर बोटीला पुढे-मागे झोके देतो. मधला दोर रात्रभर बांधून ठेवायचा नाही, बोट कलते. रिंगेतून दोर ओवून टोक परत बोटीवर आणायचं, म्हणजे सकाळी काठावर न उतरता सोडता येतो.

---

सुहास (खजिनदार)

दोन प्रश्न. चाकांचा खर्च कोणत्या खात्यातून? आणि सरळ मरीनात (बोटींच्या तळावर) का थांबत नाही, तिथे फाटक असतं, वीज असते. गणपतीच्या सामानाची व्हॅन फोडली होती तेव्हापासून मला उघड्यावर काही ठेवायची धास्ती वाटते.

---

अभिजित

सुहास, मरीनात आधी जागा ठरवावी लागते, पैसे पडतात, आणि तासाभराचा उशीर झाला तर ऑफिस बंद. कालव्यावर पाटीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत बहुतेक ठिकाणी फुकट थांबता येतं. पाटी नसेल तिथे टोपाथच्या (काठावरच्या पायवाटेच्या) बाजूला 14 दिवसांपर्यंत. आपल्याला एक रात्र हवी आहे. चाकं माझ्या आणि शेजाऱ्याच्या गॅरेजमधली आणतो, खर्च शून्य.

चोरीचं म्हणशील तर गावात बांधताना एवढं पुरतं: आजूबाजूला माणसं राहत असलेल्या बोटी असाव्यात, मोठ्या रस्त्याच्या पुलाला अगदी चिकटून थांबू नये, आणि छपरावर काही राहू देऊ नये. लॉकची विंडलस (झडपा उघडायचं हँडल), बांबू, हातोडा, सायकल, सगळं आत. टोपाथच्या बाजूचे पडदे दिवे लावायच्या आधी ओढायचे.

---

नितीन

मला दोन्ही चालतं. फक्त गाडी रात्रभर कुठे लावायची ते सांगा. आम्हाला पोचायला साडेसात होतील आणि आईला टॉर्चच्या उजेडात टोपाथवरून लांब चालवायचं नाही.

---

नीलाताई

नितीन, पुलाचा नंबर मी तुला मेसेज करते. आणि टोपाथवर ठोकलेल्या खुंट्यांवर पांढरी पिशवी बांधा रे कुणीतरी. आपले लोक सोडा, रात्री सायकलवाले पडतात.

---

मंजिरी

नीलाताई, रेंजचा मुद्दा पटला. ग्रब स्ट्रीटला मुक्काम नको. पण मग एक करा: नॉर्बरीला पाणी भरताना जेवण उरकू नका, डबे बोटीतच उघडू आणि तो चर सावकाश पार करू. पुलाखालून जाताना मुलांना पुढच्या डेकवर बसू द्या. गोष्ट मी सांगीन, धाकटी आत आजीपाशी.

आणि काका, चार वाजता बांधल्यावर मुलांनी काय करायचं तेही ठरवा. काठ आणि बोट यांच्यामध्ये पाय घालणार नाहीत असा खेळ हवा.

---

श्रीकांतकाका

मंजिरी, ते मात्र मुलांना शुक्रवारीच बसवून सांगायचं. पंधरा-सोळा टनांची बोट आहे. हातानं, पायानं कुणी अडवायची नाही, आपटली तर आपटू दे. उडी मारून काठावर जायचं नाही, थांबली की पाऊल टाकून उतरायचं. खेळाचं तुझ्याकडे.

---

वैशाली (सहल समिती)

ठरलं, आता यात बदल नको.

शनिवारी सकाळी आठला निघायचं. काकांची बोट पुढे, अभिजितची मागे. नॉर्बरीला फक्त पाणी, आणि नळावर बोट बांधून कुणी चहा करत बसू नका, मागे रांग असते. जेवण चालत्या बोटीत. गोल्डस्टोनला चारच्या सुमारास. तिथे दोन्ही बोटींना जागा नसेल तर पुढची बोट ज्येष्ठांसह थांबेल आणि मागची जरा अलीकडे, बांधता येईल अशा काठाला लागेल. लॉकच्या तोंडाशी, बोट वळवायच्या रुंद जागेत, वळणावर किंवा पुलाखाली नाही. माई, आप्पा आणि इन्शुलिनवाले दोघं काकांच्या बोटीत. मार्केट ड्रेटनला रविवारी दुपारी थांबू, भाजी-दूध घेऊ, पाणी भरू आणि मगच पुढे.

नितीन, पुलाजवळच्या पबला मी आज फोन करते. त्यांनी परवानगी दिली तरच गाडी तिथे रात्रभर. नाही म्हणाले तर तू मार्केट ड्रेटनला गाडी लाव, तिथून टॅक्सी कर, पैसे मंडळ देईल. सुहास, याला हो म्हण.

---

सुहास (खजिनदार)

टॅक्सीला हो. पावती हवी.

---

अभिजित

चाकं चार मिळाली, दोन अजून हवी आहेत. कुणाच्या शेडमध्ये जुनी व्हीलबॅरो असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. ट्यूबवालं चाक हवं, भरीव रबराचं नको, ते बुडतं.